कौशल्यानुसार पगार: काजू-आंब्याच्या कारखान्यात तो कुठे चालतो आणि कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळ काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. एप्रिल ते जून तिथेच हापूसचा पल्प डब्यांत भरला जातो. रोज साधारण ५०० किलो बी फुटते. ४६ कामगार, त्यांतल्या ३४ बायका. पगाराच्या तीनच पायऱ्या आहेत: हेल्पर, ऑपरेटर, सुपरवायझर. सालपट काढण्याचे काम तेवढे किलोवर. एक माणूस रजेवर गेला की ड्रायर थांबतो, हाताखाली तयार झालेली माणसे गोव्याला निघून जातात, आणि 'मला तीन कामे येतात, तिला एकच येते, मग पगार सारखा का' ही कुरबूर वाढली आहे. अशा वेळी कौशल्यानुसार पगार सुरू करावा का, त्याचे फायदे-तोटे काय?

करावा. पण तो चार-पाच कामांपुरताच ठेवावा, आणि कामगाराला काय येते यावर न देता, जे येते त्यातले कारखान्याला काय लागते आणि प्रत्यक्ष किती वापरले जाते यावर द्यावा. कौशल्यानुसार पगाराच्या बहुतेक योजना याच एका जागी फसतात, म्हणून सुरुवातीलाच हे सांगितले.

आपल्या किनाऱ्यावर ही रीत नवी नाही. मच्छीमार होडीवर तांडेलाला खलाशापेक्षा जास्त वाटा मिळतो, कारण मासळी कुठे लागेल, जाळे कधी टाकायचे, वारा फिरला तर परत कधी वळायचे हे त्याला कळते. त्याच होडीवर दुसरा एखादा खलाशी तितकाच जाणता असू शकतो, पण सुकाणू त्याच्या हाती येत नाही तोवर त्याला तो वाटा नाही. यात शहाणपण आहे आणि अडचणही आहे. शहाणपण असे, की होडीची मिळकत जितकी, तितक्यातच वाटे बसतात. अडचण अशी, की दुसऱ्याने शिकावे यासाठी कोणतेही आमिष नाही, आणि तांडेल आजारी पडला तर होडी किनाऱ्याला. तुमचा ड्रायर थांबतो तो याच कारणाने. चांगल्या योजनेत या दोन्ही गोष्टी सांभाळल्या पाहिजेत: पैसा वापरावर, पण शिकणाऱ्यालाही काहीतरी.

आधी दोन शब्द वेगळे करू. मनुष्यबळाच्या भाषेत 'कौशल्य' म्हणजे बी फोडणे, प्रतवारी करणे, डब्याचे झाकण सीमरवर बसवणे, असे पाहता आणि मोजता येणारे काम. 'क्षमता', ज्याला कार्यालयांत कॉम्पिटन्सी म्हणतात, त्यात ज्ञान, निर्णयशक्ती, वागणूक, जबाबदारी हे सगळे येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ मध्ये मांडले, की माणूस कामात कसा ठरेल हे बुद्धिमापन चाचण्यांपेक्षा अशा क्षमता पाहून जास्त कळते, आणि तिथून ही कल्पना मोठ्या कंपन्यांत पसरली. पण ती मुख्यतः निवड आणि बढतीसाठी होती. ती थेट पगाराला जोडली की 'संघभावना', 'पुढाकार', 'निष्ठा' असले रकाने येतात, आणि त्यांत गुण कोण कुणाला देणार यावरून भांडण लागते. कारखान्याच्या फ्लोअरवर असे गुण रुपयांत मोजू नका. सुपरवायझरच्या बाबतीत मोजायचेच असेल तर दिसणाऱ्या कृतीत लिहा: पाळी सोडताना ड्रायरचे तापमान आणि वेळ वहीत नोंदवली का, काळपट गराची बॅच दिसल्यावर ती बाजूला काढून कळवले का. हो किंवा नाही असे उत्तर येत नसेल, तर तो रकाना कापा.

आता फायदा. काजूत तो कुठून निघतो हे आकड्यांनी पाहिले नाही, तर भत्ता किती द्यायचा हे अंदाजाने ठरते. समजा रोज ५०० किलो बी फुटते आणि गराचा उतारा २५ टक्के आहे. म्हणजे १२५ किलो गर. त्यात अख्ख्या गराचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेले, तर रोज सव्वासहा किलो गर तुकड्यातून अख्ख्यात गेला. अख्खा आणि तुकडा यांच्या भावात किलोला १२० रुपयांचा फरक धरला, तर दिवसाला ७५० रुपये, २५ दिवसांचे १८,७५० रुपये. हा फरक तुमच्या मालाचा काय आहे तो तुमच्या विक्रीच्या बिलांतून काढा. इथे फक्त रीत दाखवली आहे.

आता खर्च. मूळ पगार १४,००० रुपये धरून प्रत्येक कौशल्याला ५ टक्के, म्हणजे ७०० रुपये भत्ता ठेवला आणि बॉयलर-कुकरवर ३, ड्रायरवर ४, कटिंगला १०, ग्रेडिंगला ७ असे २४ भत्ते दिले, तर महिन्याला १६,८०० रुपये होतात. त्यावर मालकाचा भविष्य निर्वाह निधी व त्याचे प्रशासकीय शुल्क मिळून १३ टक्के, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू असेल तर ३.२५ टक्के, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ४.८ टक्के. म्हणजे १,००० रुपयांचा भत्ता तुम्हाला १,२१० रुपयांच्या आसपास पडतो आणि १६,८०० चे २०,३०० होतात. अख्ख्या गराच्या सुधारणेतून आले १८,७५०. एवढ्यावर योजना स्वतःचा खर्च पुरता काढत नाही. उरलेले पैसे ड्रायर न थांबण्यातून, ग्राहकाकडून परत येणारा माल कमी होण्यातून आणि नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून शिकवावा न लागण्यातून यायला हवेत. म्हणून मागच्या वर्षी माणूस नसल्यामुळे काम किती दिवस थांबले हे वहीतून आधी काढा. ते पाच-सहा दिवसांपेक्षा कमी भरले, तर कटिंगचा भत्ता सध्या लांबवा आणि फक्त बॉयलर, ड्रायर व ग्रेडिंगवर सुरुवात करा.

बाहेरचा एक पुरावा नेहमी दिला जातो. १९९८ मध्ये ब्रायन मरे आणि बॅरी गेरहार्ट यांनी एका अमेरिकी कारखान्यातल्या कौशल्याधारित पगाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तुलनेच्या कारखान्यापेक्षा उत्पादकता ५८ टक्के जास्त, दर नगामागे मजुरीचा खर्च १६ टक्के कमी आणि भंगार ८२ टक्के कमी, असे त्यात आढळले. आकडे मोठे आहेत, पण तो एकच कारखाना होता आणि वर्षभर एकसारखे सुटे भाग बनवणारा. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे नवी बी, एप्रिल ते जून आंबा, जून-जुलैत लावणी, भाद्रपदात गणपती, ऑक्टोबरात भातकापणी, फाल्गुनात शिमगा. माणसे ज्या दिवशी हवीत त्याच दिवशी ती शेतात किंवा देवळात असतात. माझ्या मते कोकणात या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा उत्पादकतेत नाही, गैरहजेरीत आहे. गणपतीच्या आठवड्यात निम्मी माणसे असताना कुकर, ड्रायर आणि पॅकिंग चालू राहतील इतकी बदली माणसे तयार असणे, हीच खरी मिळकत.

भत्ता कोणत्या कामांना? कसोटी तीन गोष्टींची. काम शिकायला महिन्याहून जास्त वेळ लागतो का, ते चुकले तर माल उतरतो का, आणि चांगले-वाईट मोजता येते का. तिन्हींना 'हो' असेल तरच भत्ता. पोती उचलणे, झाडलोट, बी वाळत घालणे ही कामे मेहनतीची आहेत; त्यांचा मोबदला मूळ पगारात चांगला द्या, कौशल्याच्या पायरीत ओढू नका.

या कसोटीवर तुमच्याकडे पाच कामे टिकतात. पहिले बॉयलर आणि कुकर. बॉयलर कायद्याखाली नोंदलेला असेल, तर तो चालवायला प्रमाणपत्रधारक अटेंडंट लागतो, तिथे तुमची अंतर्गत परीक्षा चालत नाही. पण वाफ किती वेळ द्यायची, बीच्या आकाराप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे ती कशी बदलायची, हे कौशल्य त्या प्रमाणपत्राच्या बाहेरचे आहे. वाफ कमी बसली तर टरफल लवचिक होत नाही आणि कटिंगला गर तुटतो. जास्त बसली तर गर काळपट पडतो. दुसरे कटिंग. तिसरे ड्रायर, ज्याला काजूवाले बोर्मा म्हणतात: साधारण ६५ ते ७० अंशांवर सहा ते आठ तास, अधूनमधून ट्रे वर-खाली बदलत. कमी सुकला तर सालपट चिकटून राहते आणि सोलताना गर खरवडला जातो, जास्त सुकला तर हात लावला की फुटतो. चौथे ग्रेडिंग. पाचवे, हंगामापुरते, पल्पचे: परिपक्वता पाहून फळ निवडणे, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे गोडीचे प्रमाण, आणि पीएच मीटरवर आम्लता घेणे, आणि सीमरवर झाकणाची दुहेरी घडी बसवणे.

कटिंग, ड्रायर आणि सोलणी यांची साखळी पाहिली, की एक महत्त्वाचा धोका दिसतो. अख्ख्या गराचे प्रमाण वाढले तर श्रेय कुणाचे? वाफ नीट नसेल तर उत्तम कटिंगवालीचाही गर तुटतो. म्हणून महिन्याच्या अख्ख्या गराच्या टक्क्यावर एकट्या कटिंगवालीचा भत्ता ठरवू नका. भत्ता चाचणीवर द्या. महिन्याच्या टक्क्यावर काही द्यायचेच असेल, तर तो वेगळा आणि सगळ्या विभागाला सारखा बोनस असू द्या.

चाचणी कशी घ्यायची ते नीट सांगतो, कारण योजनेवरचा विश्वास इथेच कमावला जातो किंवा गमावला जातो. कटिंगसाठी एकाच दिवशी, एकाच बॅचमधली, एकाच आकाराची, वाफवून १२ तासांहून जास्त थंड केलेली बी घ्या. प्रत्येकीला ५ किलो. चार गोष्टी मोजा: लागलेला वेळ, अख्ख्या गराचे वजन, टरफलात अडकून राहिलेला गर, आणि न फुटलेल्या बिया. फक्त वेळ मोजला तर तुकडे वाढतात. फक्त अख्खा गर मोजला तर एकेक बी कुरवाळत बसण्याची सवय लागते. एकाच दिवसाच्या चाचणीवर निकाल देऊ नका, आठवड्याच्या अंतराने दोनदा घ्या. हातमोज्यांशिवाय केलेली चाचणी बाद धरा. टरफलाचे तेल हात जाळते, आणि वेगासाठी हातमोजे काढायला लावणारी योजना कारखान्याला शोभत नाही.

ग्रेडिंगची चाचणी आणखी नेमकी होते. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, २२० ते २४० अख्खे गर; डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. आधीच मोजून ठेवलेला एक किलो मिश्र नमुना द्या. त्यात डब्ल्यू-२१०, २४०, ३२०, थोडा करपलेला गर, पाकळी (उभा दुभंगलेला गर) आणि दोन किडके दाणे मिसळलेले. वर्गवारी झाल्यावर प्रत्येक ढिगातून ४५४ ग्रॅम मोजा. खालच्या प्रतीचे दाणे ५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यापुढे नापास. किडका दाणा निसटला तर थेट नापास, मग बाकी कितीही छान असो.

ड्रायरवाल्याची परीक्षा ओलाव्यावर घ्या. त्याने 'झाला' म्हटल्यावर ओलावा मापकावर गर ५ टक्क्यांखाली हवा. तीन बॅचेसपैकी तिन्ही. सीमरची परीक्षा आंबा नसतानाही घेता येते. डब्यांत पाणी भरून झाकणे बसवायला सांगा, मग एक डबा कापून घडीची जाडी, बॉडी हुक (डब्याची वळवलेली कड), कव्हर हुक (झाकणाची वळवलेली कड) आणि दोन्ही हुक एकमेकांवर किती चढले आहेत ते मोजा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ही उजळणी करायलाच हवी. नऊ महिने ज्या हाताने सीमर चालवला नाही, त्याला मागच्या वर्षीच्या पासावर पहिली बॅच देणे म्हणजे पल्पचे डबे फुगण्याला आमंत्रण.

पायऱ्या लिहिताना पाच अंकांचा तक्ता पुरतो. शून्य म्हणजे येत नाही, एक म्हणजे शिकतेय, दोन म्हणजे कुणी शेजारी असेल तर जमते, तीन म्हणजे एकटी करते, चार म्हणजे दुसऱ्याला तयार करते. उभे रकाने कामांचे, आडव्या ओळी माणसांच्या, आणि हा तक्ता जेवणाच्या शेडमध्ये सगळ्यांना दिसेल असा लावा. पैसे फक्त तीन आणि चारला. दोनला पैसे दिले की माणूस दोनवरच थांबतो. चारचा भत्ता मात्र तिनापेक्षा ठळक ठेवा आणि तो शिकवलेले माणूस पास झाल्यावरच सुरू करा. नाहीतर जुना ऑपरेटर आपली खुबी हाताखालच्याला दाखवत नाही, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक तरी काय? त्याची किंमत त्या खुबीतच आहे.

आता सर्वांत नाजूक भाग: परीक्षा कोण घेणार. वाडीवर चालणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आणि कामगार एकाच भावकीचे असतात. काकीला, वहिनीला नापास करून संध्याकाळी त्याच घरासमोरून जायचे असते. सुपरवायझर भित्रा नसतो, अवघडलेला असतो, आणि म्हणून तो सगळ्यांनाच पास करतो. पहिल्या वर्षी ९० टक्के लोक पास झाले, तर त्याचे कारण बहुधा हेच. उपाय साधा आहे. नमुन्यांवर नावे न लिहिता क्रमांक लिहा. मोजणी दोघांनी करावी, त्यांतला एक दुसऱ्या विभागातला आणि शक्यतो दुसऱ्या गावचा. वजनाचे आकडे त्याच ठिकाणी, कामगाराच्या समोर वहीत उतरवून तिची सही घ्या. नापास झालेलीला महिन्याभरात पुन्हा बसता यावे. आकडे उघड असले की नाराजी होते, पण ती काट्यावर होते, माणसावर होत नाही.

आणि बायकांचा प्रश्न. काजूत ही गोष्ट वर्षानुवर्षे उलटी चालली आहे. यंत्राला हात लावणारा पुरुष 'कुशल', आणि डोळ्यांनी दाण्याचा आकार, रंग, करपलेपणा क्षणात ओळखणारी बाई 'अकुशल'. ग्रेडिंग चुकले तर निर्यातीचा डबा परत येतो. तरी त्या कामाला कौशल्य म्हणायचे नाही! तुमची योजना बॉयलर आणि ड्रायरपासून सुरू झाली आणि तिथेच थांबली, तर ती ३४ बायकांना बाहेर ठेवणारी पगारवाढ ठरेल. वेतन संहिता, २०१९ नुसार सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला लिंगावरून वेगळा पगार देता येत नाही. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. त्याआधीही १९७६ चा समान वेतन कायदा हेच सांगत होता. कायदा बाजूला ठेवला तरी ग्रेडिंगचा भत्ता ड्रायरच्या भत्त्याएवढाच असला पाहिजे, हे कामाच्या हिशेबानेच सिद्ध होते. उलट बाजूने, ड्रायर आणि सीमर शिकायला बायकांना सक्तीच्या रात्रपाळीची अट घालू नका. ती अट लिहिली की त्या पायऱ्या त्यांच्यासाठी बंद झाल्या.

सालपट काढण्याचे काम किलोवर आहे ते तसेच राहू द्या. किलोचा दर स्वतःच वेगाचा पगार असतो. त्यावर कौशल्याचा भत्ता ठेवला की एकाच गोष्टीचे दोनदा पैसे होतात. फक्त दोन गोष्टी पाहा. अख्ख्या गराचा दर आणि तुकड्याचा दर वेगळे ठेवा. आणि पूर्ण दिवस काम करणारीची कमाई किमान वेतनाखाली गेली, तर फरक भरून द्या. ड्रायरने गर नीट सुकवला नाही त्या दिवशी सोलणी मंदावते, आणि त्याची शिक्षा सोलणारीला होऊ नये.

आता तोट्यांकडे. पैशाचा तोटा वर आला. त्याहून चिवट तोटा असा, की दोन-तीन वर्षांत चपळ माणसे सगळ्या पायऱ्या चढून बसतात. मग पुढे वाढ नाही आणि खर्च मात्र कायमचा. म्हणून प्रत्येक कामाला किती माणसे हवीत ते आधी ठरवा: एक चालवणारा, एक रजेचा बदली, एक तयार होणारा. त्या संख्येत पास झालेल्यांना भत्ता महिन्याचा. संख्या भरल्यावरही कुणी पास झाले, तर त्यांना ते काम ज्या दिवशी केले त्या दिवसाचा भत्ता, म्हणजे ७०० भागिले २६, साधारण २७ रुपये. ही ती शिकणाऱ्यासाठीची सोय. महिन्याचा भत्ता टिकवण्यासाठीही तीन महिन्यांत किमान १२ दिवस ते काम केलेले असावे. आणि ते दिवस मिळवून देणे ही तुमची जबाबदारी आहे, कारण पाळ्या तुम्ही लावता. फेरबदल न लावता 'तू वापरले नाहीस' म्हणून भत्ता कापणे हा अन्याय आहे.

एका माणसाला जास्तीत जास्त तीन भत्ते पुरेत. त्यापुढे लोक पायऱ्या गोळा करू लागतात आणि कशातच मुरत नाहीत. ग्रेडिंगचा डोळा तयार व्हायला वेळ लागतो. दर आठवड्याला जागा बदलणारीचा तो तयार होत नाही.

तिसरा तोटा यंत्रांमुळे होतो. आज ग्रेडिंगला भत्ता दिला आणि दोन वर्षांनी कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून दाणे वेगळे करणारे यंत्र, घेतला, तर त्या कौशल्याचे काय? पगार कापू नये. तो आहे तिथे थांबवा, पुढच्या दोन वाढी त्यात जिरवा आणि त्या बायकांना सॉर्टर चालवायला, त्याची चूक पकडायला आधी शिकवा. सॉर्टर काय चुकवतो ते त्यांनाच सर्वांत लवकर कळेल. हे सुरुवातीच्या कागदातच लिहून ठेवलेत, तर यंत्र आले त्या दिवशी कुणाची झोप उडणार नाही.

चौथा: शिकलेली माणसे जातात. गोवा आहे, चंदगड-आजऱ्याकडचे काजू कारखाने आहेत. तक्त्यात चार आकडा असलेला माणूस बाहेर सहज खपतो. भत्त्याने हे पूर्ण थांबत नाही, पण बॉयलर आणि ड्रायरचे भत्ते बाहेरच्या दराकडे बघून ठरवले तर कमी होते. 'शिकवल्यावर दोन वर्षे सोडता येणार नाही' असे बाँड लिहून घेऊ नका. ते वसूल होत नाहीत आणि गावात नाव जाते.

कायद्याच्या बाजूने चार सावधगिरी. किमान वेतन कौशल्याच्या भत्त्याने भरून काढू नका. भत्ता कधी थांबला तर पगार किमानाखाली जाईल. म्हणून भत्ता किमान वेतनाच्या वरच असावा. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. तुमचा भत्ता ठरीव ७०० रुपये राहिला, तर हेल्पर आणि ग्रेडर यांतले अंतर टक्क्यांत घसरत जाते आणि तीन वर्षांनी त्याला अर्थ उरत नाही. म्हणून तो मूळ पगाराच्या टक्केवारीत लिहा. दुसरे, दरमहा नियमित मिळणारा कौशल्य भत्ता हा वेतनाचाच भाग आहे. त्याला वेगळे नाव देऊन भविष्य निर्वाह निधीतून वगळायचा प्रयत्न करू नका. संहितेतल्या वगळलेल्या भत्त्यांच्या यादीत तो नाही, आणि ओव्हरटाइमच्या दुप्पट दरातही तो धरावा लागतो. तिसरे, कर्मचारी विमा लागू असेल तर २१,००० रुपयांची मर्यादा पाहा. दोन भत्ते मिळून कुणी ती ओलांडली, तर चालू अंशदान कालावधी संपल्यावर, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, वर्गणी थांबते आणि पुढे घरच्यांसकट दवाखान्याचा हक्कही जातो. अशा माणसाला पगारवाढ नको वाटू शकते; आधी विचारा आणि बाहेर पडल्यास आरोग्य विम्याची सोय करा. चौथे, दिलेला भत्ता नंतर काढणे हा सेवाशर्तींतला बदल ठरतो आणि त्याला २१ दिवसांची सूचना लागते. म्हणून पहिल्याच दिवशी लेखी, मराठीत, सही घेऊन द्या, की भत्ता पुनर्परीक्षेवर अवलंबून आहे, नापास झाल्यास तीन महिन्यांची सवलत आहे आणि त्यानंतरच तो थांबेल. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेत परीक्षेची तारीख पुढे जाईल, हेही त्यात असावे.

अन्नसुरक्षेचे प्रशिक्षण वेगळ्या भत्त्यात आणू नका. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक ही परवान्याशी जोडलेली गरज आहे. तुमच्याकडे दोन लागतात. त्या दोघांना जबाबदारीचा भत्ता द्या. कार्यालयातला हिशेबनीस आणि विक्रीचा माणूस यांनाही या योजनेत घेऊ नका. त्यांचा पगार बाजारभावाने ठरू द्या.

कधी सुरू करावे? भातकापणी आटोपली की, नोव्हेंबरच्या मध्यापासून. तेव्हा बायका कामावर नियमित असतात, साठवलेली बी फुटत असते आणि नव्या हंगामाची घाई नसते. पहिला महिना तक्ता भरण्यात आणि तो कामगारांसमोर वाचून दुरुस्त करण्यात घालवा. डिसेंबरमध्ये फक्त ग्रेडिंग आणि ड्रायरच्या चाचण्या घ्या. जानेवारीत पुनर्चाचण्या, नापासांना शिकवणे आणि लेखी कागद. शिकणारी माणसे पहिले काही आठवडे माल मंद काढतील आणि थोडा बिघडवतील. त्यासाठी दिवसाला दहा-पंधरा किलो बी वेगळी धरा, नाहीतर सुपरवायझर उत्पादनाच्या धास्तीने कुणाला शिकूच देणार नाही. कटिंग त्यानंतरच्या पावसाळ्यापर्यंत थांबवलेत तरी चालेल. पगारचिठ्ठीवर मात्र पहिल्याच महिन्यापासून वेगळी ओळ हवी: 'कौशल्य भत्ता, ग्रेडिंग, पायरी ३, पुनर्परीक्षा १५ जानेवारी', आणि तिच्यासमोर रुपये.